गुप्त शस्त्र आणि उघड शब्द : 'सुपरमॅन' चित्रकथा व अमेरिकेतील युद्धकालीन शब्दनियंत्रण (१९४३-१९४६)

(१)

इ. स. १९४५ च्या एप्रिल महिन्याच्या मध्यास अमेरिकेतील दैनिकांतून प्रसिद्ध होणाऱ्या 'सुपरमॅन' या चित्रमालिकेत एक वरकरणी क्षुल्लक प्रसंग आला. सुपरमॅनच्या अचाट सामर्थ्यावर विश्वास न ठेवणारा एक प्राध्यापक त्याला आव्हान देतो की, हे सामर्थ्य खरे असेल तर त्याने सायक्लोट्रॉन या यंत्रातून निघणाऱ्या कणांचा मारा सहन करून दाखवावा. सुपरमॅन ते आव्हान स्वीकारतो. मुलांच्या व सर्वसामान्य वाचकांच्या करमणुकीसाठी रोज चार चौकटींत सांगितल्या जाणाऱ्या या कथेची दखल अमेरिकेच्या युद्धखात्याने घ्यावी, असे तिच्यात काही होते असे प्रथमदर्शनी वाटत नाही. तथापि अणुबाँब तयार करणाऱ्या 'मॅनहॅटन' योजनेच्या सुरक्षाधिकाऱ्यांचे लक्ष या चौकटींकडे गेले, सेन्सॉर कचेरीकडे विचारणा झाली, आणि अखेर कथेचा ओघ बदलण्यात आला. पुढील दिवसांत सुपरमॅन सायक्लोट्रॉन सोडून बेसबॉलच्या मैदानावर एकट्याने संपूर्ण संघाची जागा भरून काढताना वाचकांना दिसू लागला.

ही हकीकत पुष्कळदा विनोद म्हणून सांगितली जाते. गुप्त शस्त्राचा बोभाटा एका काल्पनिक वीराने केला आणि खऱ्या सेनाधिकाऱ्यांची त्रेधा उडाली, असे तिचे स्वरूप असते. परंतु या घटनेचा विचार केवळ विनोद म्हणून करणे योग्य होणार नाही. चित्रकथाकाराला बाँबविषयी काहीही ठाऊक नव्हते, हे आता निर्विवाद आहे. मग जे त्याला ठाऊक नव्हते, ते त्याने उघड कसे केले ? आणि त्याने काहीच उघड केले नसेल, तर शासनाने लपविले ते काय ? शब्द, अर्थ आणि मौन यांच्या परस्परसंबंधाचा एक महत्त्वाचा प्रश्न या घटनेत गुंतलेला आहे. त्याचप्रमाणे, आपल्या नावाने कोणते शस्त्र घडविले जात आहे हे जाणण्याचा नागरिकांचा अधिकार कोठे संपतो, हाही प्रश्न त्यात आहे. प्रस्तुत निबंधात या दोन्ही प्रश्नांचा ऐतिहासिक क्रमाने परामर्श घ्यावयाचा आहे.

(२)

अमेरिकेत युद्धकालीन सेन्सॉर कचेरीची स्थापना १९ डिसेंबर १९४१ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत झाली. तिचे प्रमुख बायरन प्राइस हे स्वतः वृत्तसंस्थेतील अनुभवी पत्रकार होते. देशाबाहेर जाणारी पत्रे व तारा तपासण्याचा अधिकार या कचेरीस होता. मात्र देशातील वृत्तपत्रांच्या बाबतीत तिची पद्धत ऐच्छिक स्वरूपाची होती. कोणता मजकूर छापू नये याविषयीची आचारसंहिता जानेवारी १९४२ मध्ये प्रसिद्ध करण्यात आली आणि तिचे पालन संपादकांच्या सद्‌बुद्धीवर सोपविण्यात आले. मजकूर छापण्यापूर्वी तो मंजूर करून घेण्याचे बंधन नव्हते. अमेरिकेच्या राज्यघटनेतील मुद्रणस्वातंत्र्याच्या तत्त्वाशी मेळ राखण्याचा हा प्रयत्न होता, असे म्हणावयास हरकत नाही.

अशा पद्धतीत एक अडचण स्वाभाविकपणेच उद्भवते. संपादकाने अमुक गोष्ट छापू नये अशी अपेक्षा असेल, तर ती गोष्ट कोणती हे त्याला सांगावे लागते. आणि ते सांगितले की गुपिताचा एक कोपरा उघडा पडतो. २८ जून १९४३ रोजी प्राइस यांनी संपादकांना व नभोवाणी केंद्रांना एक गोपनीय परिपत्रक पाठविले. अणुभंजन, अणुशक्ती, अणुविघटन व त्यांचे समानार्थी शब्द, युद्धकार्यासाठी किरणोत्सर्गी द्रव्यांचा उपयोग, जड पाणी, उच्च दाबाची विद्युत्‌यंत्रे, सायक्लोट्रॉन, या विषयांसंबंधी काहीही प्रसिद्ध करू नये, असे त्यात सुचविले होते. त्यापुढे काही मूलद्रव्यांची नावे दिली होती. युरेनियम, थोरियम, रेडियम, पोलोनियम व ड्यूटेरियम यांच्याबरोबर यटर्बियम व हाफ्नियम यांसारखी, बाँबशी विशेष संबंध नसलेली मूलद्रव्येही त्या यादीत होती. एखाद्या घराकडे कोणाचे लक्ष जाऊ नये म्हणून साऱ्या आळीचे दिवे मालवावेत, तसाच हा प्रकार होता.

या परिपत्रकाचा भाषिक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. सामान्यतः युद्धकाळात माहितीवर बंदी घातली जाते : अमुक जहाज अमुक दिवशी निघाले, अमुक पलटण अमुक ठिकाणी आहे, अशी विधाने वर्ज्य ठरतात. विधान खरे वा खोटे असू शकते, आणि ते खरे असेल तरच शत्रूला उपयोगी पडते. १९४३ च्या परिपत्रकाने मात्र एका संपूर्ण शब्दक्षेत्रावर बंदी घातली. वाक्य खरे आहे की खोटे, ते वृत्तांत आहे की कल्पित कथेत, सांगणारा शास्त्रज्ञ आहे की विदूषक, याला त्यामुळे काहीच महत्त्व उरले नाही. 'सायक्लोट्रॉन' हा शब्द जेथे येईल तेथे तो वर्ज्य, असा नियम एकदा झाला की चित्रकथेतील वीर व भौतिकशास्त्राचा प्राध्यापक एकाच पंक्तीला येऊन बसतात.

याच महिन्यातील दुसरी एक घटना या संदर्भात लक्षणीय आहे. युद्धखर्चाची तपासणी करणाऱ्या सिनेट समितीचे अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी हॅनफोर्ड येथील प्रचंड बांधकामाविषयी चौकशी आरंभिली होती. १७ जून १९४३ रोजी युद्धमंत्री हेन्‍री स्टिम्सन यांनी त्यांना दूरध्वनीवरून सांगितले की, ही एक अत्यंत गुप्त योजना असून चौकशी पुढे नेऊ नये. आणि ट्रूमन यांनी ते मान्य केले. लोकप्रतिनिधीचा प्रश्न आणि संपादकाचा शब्द या दोहोंवर अकरा दिवसांच्या अंतराने पडदा पडला. या दोन्ही ठिकाणी बळजबरी नव्हती; संमती होती. परंतु ती संमती कशाला दिली जात आहे, हे देणाऱ्यास ठाऊक नव्हते.

(३)

बाहेरच्या जगात शब्दांवर बंदी येत असताना योजनेच्या आत एक नवी परिभाषा घडत होती. ऑगस्ट १९४२ मध्ये या कार्याची संघटना उभी राहिली तेव्हा 'पर्यायी द्रव्यांचा विकास' अशा अर्थाचे एक नाव सुचविण्यात आले होते. लेस्ली ग्रोव्हज यांनी त्याला हरकत घेतली. अशा नावाने कुतूहल जागृत होईल, असे त्यांचे म्हणणे पडले. म्हणून स्थापत्य विभागाच्या रीतीप्रमाणे, केवळ स्थळावरून आलेले 'मॅनहॅटन' हे नाव निश्चित झाले. नावाने काहीही सूचित करू नये, हाच त्या नावाचा गुण ठरला.

ब्रिटिशांनी आपल्या योजनेस 'नळ्यांचे मिश्रधातू' अशा अर्थाचे, कोणालाही कंटाळवाणे वाटेल असे नाव दिले होते. बाँबला लॉस अ‍ॅलामॉस येथे 'गॅजेट' म्हणत. नील्स बोर हे 'निकोलस बेकर' आणि एन्‍रिको फर्मी हे 'हेन्‍री फार्मर' या नावांनी वावरत. प्लुटोनियमसाठी काही काळ 'तांबे' हा शब्द योजण्यात आला. पण प्रयोगासाठी खऱ्या तांब्याची गरज पडताच घोटाळा होऊ लागला आणि त्याला 'देवाशपथ तांबे' अशा अर्थाचे नाव द्यावे लागले. प्लुटोनियमच्या ज्या समस्थानिकाचा अणुक्रमांक ९४ व भारांक २३९ आहे, त्याला दोन्ही संख्यांचे शेवटचे अंक घेऊन '४९' म्हटले जाई.

सांकेतिक भाषेचा अनुभव असा आहे की, संकेत कितीही यादृच्छिक असला तरी वापराने त्याला अर्थ चिकटतोच. 'तांबे' या शब्दाची ही गोष्ट त्याचे उत्तम उदाहरण आहे : शब्दाला नवा अर्थ बहाल केला की जुना अर्थ आपली जागा मागू लागतो. बंदी घातलेल्या शब्दांच्या बाबतीत याच्या उलट क्रिया घडली. तेथे जुना, निरुपद्रवी अर्थ प्रचारात होताच. केवळ बंदीमुळे त्याला नवा, भयसूचक अर्थ प्राप्त झाला.

(४)

सुपरमॅनच्या प्रसंगाच्या एक वर्ष आधी अशाच स्वरूपाची एक घटना घडली होती. 'अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन' या मासिकाच्या मार्च १९४४ च्या अंकात क्लीव्ह कार्टमिल यांची 'डेडलाइन' ही कथा प्रसिद्ध झाली. कथेचा विषय परग्रहावरील युद्धाचा असून, शत्रूच्या प्रदेशात उतरून त्याच्या गुप्त बाँबचा शोध घेणे व तो निकामी करणे, ही कामगिरी नायकावर सोपविलेली आहे. त्या जगातील दोन युद्धमान पक्षांची नावे 'सिक्सा' आणि 'सेइला' अशी आहेत. अक्ष राष्ट्रे व दोस्त राष्ट्रे यांच्या इंग्रजी नावांतील रोमन अक्षरे उलट्या क्रमाने लावली की ही नावे मिळतात. संकेताचा हा बालिश प्रकार वाचकाने ओळखावा अशीच लेखकाची इच्छा असणार. मात्र कथेतील बाँबचे वर्णन बालिश नव्हते. युरेनियमचा २३५ भारांकाचा समस्थानिक वेगळा करणे व त्याचा अकाली स्फोट होऊ न देणे या अडचणींची त्यात चर्चा होती.

८ मार्च १९४४ रोजी लष्करी गुप्तवार्ता विभागाचा एक अधिकारी मासिकाचे संपादक जॉन कॅम्बेल यांना भेटला. आपण लेखकाला पुरविलेली माहिती १९४० पर्यंत प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय वाङ्‌मयातून घेतलेली आहे, असे कॅम्बेल यांनी सांगितले, आणि ते खरे होते. युरेनियमच्या विघटनाचा शोध १९३८ च्या अखेरीस लागला होता. त्यानंतरच्या वर्षात त्यावर पुष्कळ लेखन झाले होते. विल्यम लॉरेन्स यांनी ५ मे १९४० च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये पहिल्या पानावर आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात एका लोकप्रिय साप्ताहिकात याविषयी सविस्तर लिहिले होते. तपासात कोणताही फितूर आढळला नाही. तरीही अशा विषयावरील अधिक मजकूर टाळावा, अशी सूचना प्रकाशनसंस्थेला देण्यात आली.

कॅम्बेल यांनी या वेळी मांडलेला युक्तिवाद महत्त्वाचा आहे. अणुशक्ती हा वैज्ञानिक कथांचा नेहमीचा विषय होता, एच. जी. वेल्स यांनी १९१४ सालीच आपल्या कादंबरीत अणुबाँब ही कल्पना त्याच नावाने वापरली होती. जो विषय वर्षानुवर्षे येत राहिला, तो अकस्मात येईनासा झाला, तर जाणत्या वाचकाला त्यातूनच सर्व काही कळेल, असे त्यांचे म्हणणे होते.

(५)

आता मूळ चित्रकथेकडे वळणे इष्ट होईल. जेरी सीगल व जो शुस्टर या दोन तरुणांनी निर्माण केलेला सुपरमॅन 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या जून १९३८ च्या पहिल्या अंकात अवतरला आणि १६ जानेवारी १९३९ पासून दैनिकांतील चित्रमालिकेतही दिसू लागला. ही मालिका मॅक्‌क्लूर या वितरणसंस्थेमार्फत वृत्तपत्रांना पुरविली जात असे. अमेरिका युद्धात उतरल्यावर कथाकारांपुढे एक पेच उभा राहिला. भिंती फोडणारा व गोळ्या झेलणारा हा वीर युद्धावर गेला तर ते एका दिवसात संपावयास हवे. आणि प्रत्यक्षात तर ते संपत नव्हते. १९४२ च्या आरंभी या पेचातून एक नामी युक्ती काढण्यात आली. सुपरमॅनचे सामान्य रूप असलेला वार्ताहर क्लार्क केन्ट सैन्यभरतीसाठी जातो. परंतु नेत्रपरीक्षेच्या वेळी त्याची भेदक दृष्टी अनवधानाने भिंतीपलीकडे पोहोचते, तो शेजारच्या खोलीतील तक्ता वाचून दाखवितो आणि दृष्टिदोषाच्या कारणाने नापास ठरतो.

ही युक्ती जितकी विनोदी तितकीच अर्थपूर्ण आहे. हा वीर व्यवसायाने वार्ताहर आहे, त्याची दृष्टी भिंतीपलीकडे जाते, आणि दडवून ठेवलेले उघड करणे हाच त्याच्या बहुतेक कथांचा गाभा आहे. असा मनुष्य सैन्यात अपात्र ठरला, कारण त्याला जे दिसावयास नको होते ते दिसले. तीन वर्षांनी तोच प्रसंग कथेबाहेर, प्रत्यक्ष जगात घडावयाचा होता.

एप्रिल १९४५ मधील कथाभाग अ‍ॅल्विन श्वार्ट्झ यांनी लिहिला होता. एका लोकप्रिय विज्ञान-मासिकात दहा वर्षांपूर्वी आलेल्या लेखावरून आपणास सायक्लोट्रॉनची माहिती मिळाली, असे त्यांनी पुढे सांगितले. त्यात अशक्य असे काही नाही. अर्नेस्ट लॉरेन्स यांनी १९३१ च्या सुमारास बर्कली येथे हे यंत्र सिद्ध केले होते, आणि त्याबद्दल त्यांना १९३९ चे नोबेल पारितोषिकही मिळाले होते. यंत्राची छायाचित्रे वृत्तपत्रांत येऊन गेली होती.

चित्रकथेतील तांत्रिक तपशील तपासला असता लेखकाचे अज्ञान स्पष्टपणे दिसून येते. ताशी दहा कोटी मैल वेगाचे आणि तीस लक्ष व्होल्टच्या दाबाचे इलेक्ट्रॉन सुपरमॅनवर सोडले जातील, असे प्राध्यापक सांगतो. वस्तुतः सायक्लोट्रॉनमध्ये प्रोटॉन व ड्यूटेरॉन यांसारखे जड कण गतिमान केले जातात. इलेक्ट्रॉन अतिशय हलका असल्यामुळे त्याचा वेग लवकरच प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचतो, यंत्राच्या ठोक्याशी त्याचा मेळ राहत नाही, आणि म्हणून त्याच्यासाठी बीटाट्रॉन हे निराळे यंत्र १९४० मध्ये तयार करावे लागले. शिवाय कथेतील दोन आकडे परस्परांशीही जुळत नाहीत. ताशी दहा कोटी मैल हा वेग प्रकाशवेगाच्या सुमारे एक-सप्तमांश आहे. तर तीस लक्ष व्होल्टमधून गेलेल्या इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशवेगाच्या सुमारे ९९ टक्के असावयास हवा. सारांश, हा मजकूर वाचून कोणाही शत्रूला बाँब तर राहोच, साधा सायक्लोट्रॉनही बांधता आला नसता.

आणि तरीही सुरक्षाधिकाऱ्यांची अस्वस्थता निष्कारण नव्हती. प्लुटोनियमचा शोध बर्कलीच्या सायक्लोट्रॉनच्या साह्यानेच १९४०-४१ मध्ये लागला होता. ओक रिज येथे युरेनियमचे समस्थानिक वेगळे करणारी 'कॅल्यूट्रॉन' यंत्रे सायक्लोट्रॉनच्याच कल्पनेतून निघाली होती. 'कॅलिफोर्निया विद्यापीठाचा सायक्लोट्रॉन' हा अर्थ त्या नावातच दडलेला आहे. ज्यांना हे ठाऊक होते, त्यांना चित्रकथेतील तो एक शब्द मोठ्याने उच्चारल्यासारखा वाटला. म्हणजे जो अर्थ लेखकाच्या मनात नव्हता व सामान्य वाचकाच्याही मनात नव्हता, तो केवळ पहारेकऱ्याच्या मनात होता. आपल्याजवळचे गुपितच त्याने त्या चौकटीत वाचले.

(६)

या प्रसंगी शासनापुढे दोन मार्ग होते. उल्लेख चालू द्यावा तर लक्ष वेधले जाण्याची भीती. तो थांबवावा तर थांबविल्यामुळेच लक्ष वेधले जाण्याची भीती. ऐच्छिक नियंत्रणाच्या पद्धतीत हा दुसरा धोका विशेष असतो, कारण तेथे थांबविण्यासाठी कोणाला तरी विनंती करावी लागते, आणि विनंती करणे म्हणजे त्या शब्दाला महत्त्व आहे अशी कबुली देणेच होय.

मौनाला अर्थ असतो, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला नवी नाही. पाणिनीय व्याकरणात 'लोप' ही संकल्पना याच जाणिवेतून आलेली आहे. जेथे एखाद्या वर्णाची वा प्रत्ययाची अपेक्षा आहे तेथे तो न दिसणे, हे व्याकरणाच्या दृष्टीने निव्वळ अभाव नसून एक कार्य आहे, आणि त्याचे परिणाम मोजावे लागतात. रोमान याकोब्सन यांनी १९३९ मध्ये शून्य-चिन्हाविषयी जे विवेचन केले, त्याचाही रोख असाच आहे. मात्र यात एक अट आहे. अपेक्षा असेल तेथेच लोप जाणवतो. जेथे काही येणारच नव्हते तेथील रिक्तता निरर्थक असते.

या अटीचा ऐतिहासिक पुरावा सोव्हिएत रशियात सापडतो. १९४० पासून अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी स्वयंस्फूर्तीने विघटनविषयक निबंध प्रसिद्ध करण्याचे थांबविले होते. ग्योर्गी फ्ल्योरॉव्ह या तरुण पदार्थवैज्ञानिकाने १९४० मध्ये सहकाऱ्याबरोबर युरेनियमच्या स्वयंविघटनाचा शोध लावला होता. १९४२ च्या आरंभी व्होरोनेझ येथील ग्रंथालयात परदेशी नियतकालिके चाळताना त्याला आढळले की, आपल्या शोधावर कोणतीही प्रतिक्रिया नाही. इतकेच नव्हे, तर या क्षेत्रातील अग्रगण्य शास्त्रज्ञांची नावेच दिसेनाशी झाली आहेत. या मौनाचा अर्थ त्याने अचूक लावला आणि त्याच वर्षीच्या एप्रिलात स्टालिनला पत्र लिहून अमेरिकेत गुप्त कार्य चालू असल्याचे कळविले. कॅम्बेल यांनी दोन वर्षांनंतर जो धोका सांगितला, तो तेव्हाच प्रत्यक्षात आलेला होता.

शिवाय रशियाला या अनुमानावर अवलंबून राहण्याचीही फारशी गरज नव्हती. क्लाउस फुक्स हा ऑगस्ट १९४४ पासून लॉस अ‍ॅलामॉस येथे काम करीत होता. त्याने २ जून १९४५ रोजी, म्हणजे सुपरमॅनचा सायक्लोट्रॉन बंद पडल्यावर दोन महिन्यांच्या आत, सांता फे येथे प्लुटोनियम बाँबचे वर्णन रशियाच्या दूताच्या हाती दिले. हे सर्व १९५० मध्ये त्याच्या कबुलीनंतर उघडकीस आले. तेव्हा शब्दांवरील पहाऱ्याने हेराला अडविले नाही. शास्त्रज्ञ प्रतिस्पर्ध्यालाही अडविले नाही. तो पहारा ज्याला खरोखर लागू पडला, तो सकाळी वर्तमानपत्र उघडणारा नागरिक होय.

या नागरिकाच्या स्थितीची कल्पना यावी म्हणून एप्रिल १९४५ मधील तारखांचा क्रम पाहणे उद्‌बोधक ठरेल. १२ एप्रिल रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांचे निधन झाले आणि १९४३ मध्ये ज्यांची चौकशी थांबविण्यात आली होती, तेच ट्रूमन अध्यक्ष झाले. त्याच संध्याकाळी स्टिम्सन यांनी त्यांना एका अपूर्व स्फोटकाविषयी दोन शब्द सांगितले. १४ एप्रिलला सुपरमॅन सायक्लोट्रॉनच्या प्रसंगात वाचकांसमोर होता. आणि २५ एप्रिलला स्टिम्सन व ग्रोव्हज यांनी नव्या अध्यक्षांना संपूर्ण योजना प्रथमच सविस्तर समजावून दिली. देशाचा उपाध्यक्षही ज्या वर्तुळाच्या बाहेर होता, त्या वर्तुळात चित्रकथेच्या वाचकाला प्रवेश मिळणे शक्यच नव्हते.

(७)

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर व ९ ऑगस्टला नागासाकीवर बाँब पडले. हिरोशिमावरील हल्ल्याच्या दिवशीच प्रसिद्ध झालेल्या निवेदनात ट्रूमन यांनी दोन अब्ज डॉलर खर्चाचा व बांधकामाच्या ऐन भरात सव्वा लक्ष माणसे कामावर असल्याचा उल्लेख केला. १२ ऑगस्टला हेन्‍री स्मिथ यांचा अधिकृत वृत्तांत प्रसिद्ध झाला. काल जो शब्द वर्ज्य होता, तो आज प्रत्येक पत्राच्या मथळ्यात आला. सेन्सॉर कचेरीचे काम त्याच महिन्याच्या मध्यास थांबले.

या शब्दाचा प्रसार जगातील भाषांतून किती वेगाने झाला, याचे प्रत्यंतर भारतीय भाषांतही मिळते. मराठीत 'अणु' या जुन्या दार्शनिक संज्ञेला इंग्रजी 'बाँब' जोडून 'अणुबाँब' हा संकरसमास रूढ झाला; हिंदीत 'परमाणु बम' आला, कारण मराठी शास्त्रीय परिभाषा ज्याला अणू म्हणते त्याला हिंदी परमाणू म्हणते आणि मराठीतील रेणूला अणू. कणादाच्या परंपरेत जो शब्द सूक्ष्मतेचा व अविभाज्यतेचा वाचक होता, तो या समासात विनाशाचा वाचक झाला.

सुपरमॅनच्या दप्तरात अडकून पडलेल्या कथाही आता बाहेर आल्या. युद्धकाळात तयार झालेली, परंतु युद्धखात्याच्या हरकतीमुळे रोखून धरलेली 'अणूंची लढाई' अशा अर्थाच्या नावाची कथा 'सुपरमॅन'च्या ३८ व्या, जानेवारी-फेब्रुवारी १९४६ च्या अंकात प्रसिद्ध झाली. तीत लेक्स लूथर हा खलनायक सुपरमॅनवर अणुबाँब योजतो. रोखली गेली होती, हीच या कथेची प्रतिष्ठा ठरली. एरवी ती नेहमीच्या कथांपेक्षा निराळी नाही. बंदीने अर्थ निर्माण होतो याचे हे आणखी एक उदाहरण होय.

याहून लक्षणीय आहे तो 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा १०१ वा, ऑक्टोबर १९४६ चा अंक. त्या वर्षीच्या जुलैच्या १ व २५ तारखांना बिकिनी प्रवाळद्वीपावर दोन अणुस्फोट घडविण्यात आले. या वेळी गुप्ततेऐवजी समारंभ होता. वार्ताहरांना व परराष्ट्रीय निरीक्षकांना निमंत्रणे होती. अंकातील कथेत औषधप्रयोगाने बुद्धिभ्रंश झालेला सुपरमॅन अशाच स्फोटात सापडतो, त्या धक्क्याने शुद्धीवर येतो, आणि नंतर मानवजातीला इशारा म्हणून स्फोटाचे चित्रण करतो. मुखपृष्ठावर तो ढगाजवळ कॅमेरा घेऊन दाखविला आहे.

१९४२ च्या नेत्रपरीक्षेपासून या मुखपृष्ठापर्यंत वीराच्या भूमिकेत झालेला पालट विचार करण्याजोगा आहे. ज्याची दृष्टी भिंतीपलीकडे जात होती, त्याच्या हाती आता कॅमेरा आला. उघड करण्यासारखे काही उरले नव्हते. जे सर्वांना दाखविण्याचे ठरले होते, त्याचेच चित्र त्याने घेतले. आणि जे दाखवावयाचे नव्हते, ते अजूनही पडद्याआड होते. बिकिनीच्या १६७ रहिवाशांना त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्यांच्या बेटावरून हलविण्यात आले होते. जपानमध्ये व्यापक सैन्याच्या सप्टेंबर १९४५ च्या वृत्तपत्रनियमांखाली बाँबच्या परिणामांविषयीच्या लेखनावर नियंत्रण आले होते. जपानी चित्रपथकाने हिरोशिमा व नागासाकी येथे घेतलेला चित्रपट अमेरिकेने ताब्यात घेतला, आणि तो जपानला परत मिळावयास १९६७ साल उजाडावे लागले. कल्पित वीराच्या कॅमेऱ्याने घेतलेला ढग वाचकांना दोन-तीन महिन्यांत मिळाला. खऱ्या कॅमेऱ्याने घेतलेली जखमी माणसे दिसण्यास दोन दशके गेली.

(८)

या विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, १९४५ च्या प्रसंगात चित्रकथेने कोणतेही शस्त्र उघडकीस आणले नाही. शब्द सर्वांचा होता, त्याचा प्रचलित अर्थ निरुपद्रवी होता, आणि त्याला गुपिताचा अर्थ मिळाला तो बंदी घालणाऱ्याच्या ज्ञानामुळे. दुसरा असा की, मुक्त समाजात शब्दनियंत्रण दोन प्रकारच्या वाचकांवर दोन प्रकारे परिणाम करते. ज्याची अपेक्षा तयार आहे अशा जाणत्या वाचकाला लोप दिसतो व त्याचा अर्थही कळतो. ज्याच्या मनात अपेक्षाच नाही अशा सामान्य वाचकाला लोप दिसतच नाही. म्हणून अशा नियंत्रणाचा भार शत्रूपेक्षा स्वजनांवर अधिक पडतो.

युद्धकाळात गुप्तता सर्वस्वी अनावश्यक होती, असे यावरून म्हणता येणार नाही. योजनेच्या आरंभी जर्मनी असेच शस्त्र तयार करीत असेल ही भीती शास्त्रज्ञांना खरोखरच वाटत होती. परंतु त्या भीतीचे निरसन १९४४ च्या अखेरीस, जर्मन शास्त्रज्ञांची कागदपत्रे स्ट्रासबुर्ग येथे हाती आल्यावर, पुष्कळ अंशी झाले होते. सायक्लोट्रॉनची चौकट खटकली ती त्यानंतर काही महिन्यांनी. तोपर्यंत गुप्ततेचे मूळ कारण क्षीण झाले होते. तिची सवय मात्र राहिली होती.

बेसबॉलच्या मैदानावर एकटाच खेळणारा सुपरमॅन पाहून त्या दिवशीचे वाचक हसले असतील. कथा मध्येच का वळली, हे विचारण्याचे त्यांना कारण नव्हते. सुमारे चार महिन्यांनी जे शस्त्र त्यांच्या नावाने वापरले जाणार होते, त्याचा एक ओझरता, चुकीचा व अजाण उल्लेख त्यांच्या डोळ्यांसमोरून निघून गेला. आणि प्रश्न विचारला जावा असा तेवढाही अवसर त्यांच्यासाठी शिल्लक ठेवण्यात आला नाही.